२१ ऑक्टोबरची सलामी

काल जिल्ह्याच्या पोलीस मैदानावर गेले होते. पोलीस स्मृतिदिन. १९५९ साली याच दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्सजवळ चिनी सैन्याच्या हल्ल्यात राखीव पोलीस दलाचे १० जवान गेले, त्यांची ही आठवण. बंदुका उलट्या झाल्या आणि वर्षभरात देशभर कर्तव्यावर गेलेल्यांची नावं वाचली जाऊ लागली. माझे बाबा हवालदार होते. ही नावं ऐकताना आई पदराचं टोक मुठीत धरून बसायची. काल माझीही मूठ आवळली गेली.

आमचे आमदार नावं संपेपर्यंत ताठ उभे होते. नंतर वीरपत्नींशी निवांत बोलले. मला हे मनापासून आवडलं, म्हणूनच त्यांच्याकडे मागणं मागतेय. साहेब, हीच माया सभागृहात दाखवा.

आम्ही पोलीस लाईनीत वाढलो. पावसाळ्यात अंथरुणाच्या चारी बाजूंना पातेली मांडून झोपायचो. गणपतीत सगळे चाकरमानी घरी यायचे आणि बाबा महामार्गावर बंदोबस्ताला. गौरीचं जेवण त्यांनी कधी गरम खाल्लं नाही.

आपल्या किनाऱ्याने पोलिसांची दोन्ही रूपं पाहिलीत. १९९३ साली श्रीवर्धनजवळ शेखाडीला आरडीएक्स उतरलं आणि मुंबईच्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. त्या खटल्यात काही पोलिसांनाही शिक्षा झाली. व्हायलाच हवी होती, पोलिसाची मुलगी म्हणून सांगते. आणि २००८ ला याच समुद्रातून अतिरेकी आले, तेव्हा गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे हातात नुसती लाठी असताना कसाबच्या बंदुकीची नळी धरून राहिले. गोळ्या पोटात घेतल्या, पण नळी सोडली नाही. म्हणून तो जिवंत हाती लागला. त्यांना अशोकचक्र मिळालं.

आज त्याच समुद्रावर रात्री गस्त घालणारी पोरं कुणाच्या तरी घरची आहेत. त्यांच्या किती नौका चालू आहेत, किती दुरुस्तीला पडल्यात? डिझेल पुरतं का? लाईनीतल्या खोल्या कधी बांधणार? तारांकित प्रश्न टाका, लक्षवेधी लावा. उत्तर गोलमोल आलं तर पुन्हा उठा.

डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन आहे. तुम्ही हा प्रश्न मांडाल त्या दिवशी आईला शेजारी घेऊन मी मोबाईलवर कामकाज बघत बसेन.