अजून दहा वर्षं थांबा

तुम्हाला उत्तम, जुनी, कैक वर्षं मुरलेली रेड वाइन चाखायची आहे असं कळलं. अभिनंदन. आता पहिलं काम करा, 'मुरलेली' हा शब्द विसरा. मुरांबा मुरतो, लोणचं मुरतं, दही-मिरची मुरते. वाइन 'उलगडते'. लंडनच्या हॅरोला राहणाऱ्या आमच्या दाजींसमोर मी एकदा "छान मुरलीय हो" म्हणून गेलो. त्यांनी माझ्या हातातला ग्लास काढून घेतला नाही, एवढंच.

दुसरं काम, फ्रान्समधल्या बोर्दोची वाइनच निवडा. नाशिकला, नारायणगावला द्राक्षं पिकतात, वाइनही होते, पण ती बिचारी या-बसा-प्या म्हणते. इतक्या सहज जे मिळतं त्यावर तीस वर्षं बोलणार काय? बोर्दोला १८५५ ची यादी आहे. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनने मागवली आणि तिथल्या दलालांनी मुख्यतः बोर्दोतल्याच मेदोक भागातल्या रेड वाइनघराण्यांची पाच वर्गांत प्रतवारी लावून दिली. निकष होता बाजारभाव. महाग ती चांगली, इतका सरळ हिशेब. यादी आजही जवळजवळ तशीच आहे. दुसऱ्या वर्गातून पहिल्यात बढती मिळाली ती आजवर एकाच घराण्याला, शातो मूताँ-रोथ्शिल्डला, १९७३ मध्ये, म्हणजे ११८ वर्षांनी. खात्यात प्रमोशन अडलं म्हणून सुस्कारे टाकणाऱ्यांनी हा आकडा टेबलाच्या काचेखाली ठेवावा.

साल निवडताना आपलं जन्मसाल घ्यायची पद्धत आहे. १९६१ किंवा १९८२ चे असाल तर नशीब काढलंत, फक्त पगार त्या मानाने हवा. १९४५ चे असाल तर आणखीच उत्तम. त्या साली मूताँच्या लेबलवर महायुद्धातल्या विजयाचा 'व्ही' छापला होता. ती बाटली विकत घेता आली तर वाढदिवसाला केक नको. १९५६ च्या फेब्रुवारीत मात्र बोर्दोत अशी थंडी पडली की वेलीच्या वेली मेल्या. १९६३ वाल्यांना निदान पोर्तुगालच्या पोर्ट या गोड वाइनचा आधार आहे, कारण तिकडे त्या साली भरभरून चांगलं पिकलं. १९६५ आणि १९६८ वाल्यांनी आईवडिलांना काही बोलू नये. त्यांना काय ठाऊक.

खरेदी वाइन तयार व्हायच्या आधी करावी. दाजींनी १९९७ च्या उन्हाळ्याआधी बोर्दोतल्या पोइयाक गावच्या एका घराण्याची १९९६ ची बारा बाटल्यांची पेटी घेतली. घेतली म्हणजे पैसे भरले. वाइन तेव्हा ओकच्या पिंपात होती आणि बाटलीत शिरून हॅरोला पोचायला तिला आणखी दोन वर्षं होती. या पद्धतीला तिकडे 'आँ प्रिमर' म्हणतात. पायाही न खणलेल्या इमारतीत डोंबिवलीला फ्लॅट बुक केलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. फरक म्हणजे बोर्दोवाले ताबा देतात.

मग साठवण. बारा-तेरा अंश तापमान, अंधार, सत्तर टक्क्यांच्या आसपास दमटपणा आणि बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. दाजींनी जिन्याखालच्या कपाटात सोय केली. ताईचं शिवणाचं मशीन त्यासाठी गॅरेजमध्ये गेलं, ते अजून तिथेच आहे. २००७ मध्ये त्यांनी मोठ्या मनाने त्यातली एक बाटली मला दिली. विमानतळावर दोन लिटरची सवलत असते, त्यात ती सहज बसली. ठाण्यात दमटपणाची ददात नाही, अंधारही मिळाला. तापमानाचं तेवढं जमलं नाही, कारण आमच्याकडे माळा आहे तो मोरीवर आणि त्याच्या खालीच गीझर. फ्रिजमध्ये ठेवायला सौ.ने नकार दिला. तिथे आडवं होऊन पडायचा मान फक्त शेवग्याच्या शेंगांचा. शिवाय आपल्या राज्यात प्यायला परवाना लागतो आणि तो कायद्याच्या भाषेत प्रकृती सांभाळण्यासाठी असतो. मी आजीवन परवाना काढून ठेवला आहे. बाटली आणि मी यांपैकी कोणाचं आजीवन, ते त्यात लिहिलेलं नाही.

आता मूळ विषय, म्हणजे चाखणं. नियम सोपा आहे. पेटीतली एकेक बाटली काही वर्षांच्या अंतराने उघडायची आणि प्रत्येक वेळी ती चुकीच्या वेळी उघडली असं म्हणायचं.

पहिली मी २००२ मध्ये प्यालो. रंग काळपट जांभळा, ग्लासातून पलीकडचं दिसेना. घोट घेतला आणि जीभ टाळ्याला चिकटली. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर, किंवा हिरडा चघळल्यावर होतं तसं. याला आपल्याकडे तुरट असा नेमका शब्द आहे आणि षड्रसांत त्याला मानाची जागा आहे. दाजी म्हणाले, "टॅनिन आहे. लहान आहे अजून. दहा वर्षं थांबायला हवं होतं." मी म्हटलं, मग उघडली का? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी ताईला पोळ्या लाटायला मदत करायला आत गेलो.

टॅनिनचं काय होतं ते ऐकून ठेवा, जेवताना सांगायला बरं पडतं. हा पदार्थ द्राक्षाच्या सालीतून, बियांतून येतो, थोडा ओकच्या पिंपातूनही. बाटलीत पडल्या पडल्या त्याचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना धरून गट करायला लागतात. बुचातून अगदी किंचित हवा आत येते, तिचीही त्याला फूस असते. गट वाढत जातो आणि फार मोठा झाला की स्वतःच्याच वजनाने तळाला बसतो. मग वरची वाइन मऊ होते, रंग फिका पडतो आणि बाटलीत गाळ दिसतो. यावरून कुणाला एखादा राजकीय पक्ष आठवला तर मी जबाबदार नाही.

२००७ मध्ये दाजींकडे उघडलेली बाटली गप्प होती. वास नाही, चव नाही, नुसता लाल रंग. बोर्दोच्या चांगल्या वाइन मधल्या काही वर्षांत अशा मिटून बसतात, हे खरं आहे. का आणि किती दिवस, हे सांगणाऱ्याला कोणी अडवत नाही. आपण याला वाइनची साडेसाती म्हणू. आपली निदान साडेसात वर्षांत संपते.

२०१४ च्या बाटलीसाठी दाजींनी शेजारचा एक जाणकार इंग्रज बोलावला होता. ग्लासातून जो वास आला तो मी ओळखला. पण ओळखलेला वास बोलायचा नसतो, हे तोवर मला कळलं होतं. मी डोळे मिटून म्हणालो, "पावसानंतरचं जंगल." दाजी म्हणाले, "पालापाचोळा. मशरूम. वा." इंग्रजाने नाक आत घातलं, बाहेर काढलं आणि हळूच म्हणाला की ही खराब आहे, बुचाचा दोष. ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाचं एक द्रव्य असतं. ते बुचात असलं की वाइनला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास मारतो. जूनमध्ये गच्चीवर राहिलेलं खोकं आठवा, तोच वास. मी पहिल्यांदा तेच ओळखलं होतं. दाजी म्हणाले, "मी तेच म्हणत होतो." हे वाक्य पाठ करा. दुसरं याहून उपयोगी. या धंद्यात जुनी म्हण आहे की उत्तम जुनी वाइन अशी नसतेच, उत्तम जुनी बाटली असते. म्हणजे तुमची आवडली नाही तर दोष त्या बाटलीचा, वाइनचा नाही आणि सल्ला देणाऱ्याचा तर नाहीच. ज्योतिषांनासुद्धा इतकी सोय नाही.

वासांची यादी ठरलेली आहे. पोइयाकच्या वाइनला ब्लॅककरंट म्हणावं लागतं. ते फळ तुम्ही जन्मात खाल्लं नसलं तरी चालेल, पण जांभूळ म्हणायचं नाही. जांभूळ म्हटलं की तुम्ही परळचे, ब्लॅककरंट म्हटलं की पॅरिसचे. जुनी झाल्यावर सिगारचा डबा, चामडं, देवदाराचं लाकूड. पेन्सिलसुद्धा चालते, आणि हा एक वास आपल्याला कुणाच्या बापाला विचारून शिकायला नको. इयत्ता तिसरी, शार्पनर, कंपासपेटीत साठवलेली साल. मला खरं तर आजीच्या ट्रंकेचा वास येतो, जुनी लुगडी आणि चंदनाच्या वड्यांचा. पण तो यादीत नाही.

ही यादी नाकापेक्षा डोळ्यांनी चालते, असं म्हणणारी खवचट माणसं आहेत. २००१ मध्ये बोर्दोतलाच एक प्रयोग छापून आला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन दिली, फक्त तिच्यात वास नसलेला लाल रंग मिसळला. पोरांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. यावरून तुम्ही एवढाच धडा घ्या की बाटली आधी सगळ्यांना दाखवावी.

आणि पैसा जास्त असेल तर आणखी मागे जा. १९८५ मध्ये लंडनच्या लिलावात १७८७ ची म्हणवणारी, बोर्दोच्या लाफीत घराण्याची एक बाटली १ लाख ५ हजार पौंडांना गेली. तिच्यावर 'टीएच. जे.' अशी अक्षरं कोरलेली होती, म्हणून ती अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थॉमस जेफरसनची. घेणाऱ्यांनी ती झगमगत्या दिव्याखाली मांडली, बूच सुकलं आणि आत पडलं. पुढे त्याच गोतावळ्यातल्या बाटल्यांची तपासणी झाली, तेव्हा अक्षरं विजेवर चालणाऱ्या हत्याराने कोरल्याचं निघालं. हे असं कुठेतरी पाणी मुरत असतं. बघा, मुरणं हे क्रियापद वाइनच्या धंद्यात इथे मात्र चपखल बसतं. रूडी कुर्नियावान नावाच्या गृहस्थाने कॅलिफोर्नियात घरच्या घरी जुन्या बाटल्या तयार केल्या. फ्रान्सच्याच बरगंडी भागातल्या पाँसो घराण्याची 'क्लो साँ-देनी' ही वाइन त्याने १९४५ पासूनच्या सालांची लिलावात पाठवली. घराण्याने ती करायला सुरुवात केली होती १९८२ मध्ये. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. पण त्याआधी कित्येक जाणकार त्याच्या घरगुती वाइन आनंदाने प्यायले होते. तुम्ही चाखायला बसाल तेव्हा हे आठवू नका, चव बिघडते.

शेवटची मी प्यालो ती २०२४ ची. बूच निम्म्यात तुटलं. उरलेलं दाजींनी चमच्याच्या दांडीने आत ढकललं, मग ताईने चहाची गाळणी दिली. तिच्यातून वाइन खाली काचेच्या जगमध्ये उतरली आणि जाळीवर काळपट चिखल राहिला. जगमधला रंग पाहून मी गप्प झालो. मधे माणकासारखा, कडेला कौलासारखा, भाजलेल्या विटेचा. इतकी पातळ कड की खालच्या टेबलक्लॉथवरची फुलं दिसत होती. पहिल्या घोटात तुरटपणा शोधूनही सापडला नाही. गोड नव्हती, पण गोडवा होता. आणि गिळल्यावर बराच वेळ तोंडात ती ट्रंक उघडी राहिली.

दाजींनी चष्मा शोधला. वही काढली, त्यात २००२ पासूनच्या नोंदी आहेत. लेबलचा फोटो घेतला, मग फ्लॅश लागला म्हणून दुसरा. इतक्या जुन्या वाइनला हवा लागली की ती फार वेळ टिकत नाही, हे त्यांनीच मला दोनदा सांगितलं होतं. ताई म्हणाली, "अहो, आधी प्या. मग लिहा." ती स्वतः मी नेलेल्या बाकरवडीबरोबर दुसरा ग्लास संपवत होती. बाकरवडी जुन्या वाइनबरोबर चालत नाही. जिरं, बडीशेप आणि तिखट तिला मारून टाकतं. तुम्ही हे अजिबात करू नका. ताईला मी विचारलं कशी लागतेय, तर म्हणाली, "छान मुरलीय."

दाजींनी ग्लास उचलला तोवर अर्धा तास झाला होता. हुंगलं, घोट घेतला, तोंडात फिरवला. मीही परत चाखली. आंबूस पाणी. दाजींनी वहीत लिहिलं ते मी वाकून वाचलं : 'उतरणीला लागली. पाच वर्षांपूर्वी उघडायला हवी होती.'

कपाटात त्यांची आता एकच बाटली राहिली आहे. ती कधी उघडायची, असं विचारलं तर म्हणाले, "२०३५. बाटली-बाटलीत फरक असतो."

दुसरी अर्थात माझ्या माळ्यावर आहे. परवा झाडलोट करताना पाहिली, तर बूच बोटाच्या एका पेराएवढं वर आलंय आणि लेबलवरून एक तपकिरी ओघळ खाली गेलाय. मी वर सेलोटेप लावून ठेवली आहे. अजून लवकर आहे.