तुम्ही कोणाकडून?

मुंबईचा पाहुणा इंदुरातल्या मराठी घरात नाश्त्याला बसला की पहिल्या घासाला विचारतो, "पोह्यात बडीशेप?" दुसऱ्या घासाला, "आणि ही वरची पूड कसली?" (जिरावन. ते नसेल तर ते नुसते पिवळे पोहे.) तिसऱ्या घासाला जिलबी हातात धरून तो खरा प्रश्न काढतो: "मग क्रिकेटमध्ये तुम्ही लोक कोणाकडून?"

हा प्रश्न ज्याला सोपा वाटतो तो इंदुरात राहत नाही. मुंबईकराला मुंबई आहे, नागपूरकराला विदर्भ आहे. गुजरातेत तर गुजरात, बडोदा, सौराष्ट्र असे तीन संघ एका घरातल्या तीन जावांसारखे नांदतात. आमच्याकडे साऱ्या राज्याला मिळून एक. "मध्य प्रदेश" हे उत्तर बरोबर आहे, पण ते देताना आवाज रेशनकार्डावरचा पत्ता सांगावा तसा येतो.

गावाचा संघ होता. होळकर. 1941-42 ते 1954-55 या काळात रणजीचे, म्हणजे देशातल्या संघांच्या करंडकाचे, 10 अंतिम सामने खेळला, त्यांतले 4 जिंकला. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे ही त्यातली माणसं. 1945-46 साली म्हैसूरविरुद्ध याच गावात 8 बाद 912 केल्या आणि एकाच डावात सहा जणांनी शतकं ठोकली. हा आकडा प्रत्येक इंदूरकराने पाठ ठेवावा आणि तो सांगितल्यावर ताबडतोब चहा विचारावा. बोलत राहिलात तर पाहुणा 1944-45 वर येतो. त्या वर्षी महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा फलंदाज डेनिस कॉम्प्टन अंतिम सामन्यात आमच्याकडून खेळला, नाबाद 249 केल्या, आणि तरी मुंबईने 374 धावांनी हरवलं. साहेब उसना आणूनही हरलात, हे म्हणायला मुंबईकर टपलेलाच असतो. पाहुणा बडोद्याचा असेल तर त्याच्याकडे 1946-47 आहे: हजारे आणि गुल महंमद, चौथ्या गड्यासाठी 577 ची भागीदारी. समोर गोलंदाजी कोणाची होती, हे तो मुद्दाम आपल्या तोंडून वदवून घेतो.

संस्थान गेलं, संघ गेला. आता होळकर हे नाव स्टेडियमला आहे, तेही 2010 पासून. म्हणजे आमच्याकडे घर आहे, घराला नाव आहे, आत राहायला येतात ते पाहुणे. म्हणून इथल्या चाहत्याला एक वेगळीच कला शिकावी लागते. तिला आम्ही 'आपला म्हणणं' म्हणतो.

पहिला मार्ग जन्माचा. राहुल द्रविड, 11 जानेवारी 1973, जन्मस्थान इंदूर. पुढे सगळं क्रिकेट कर्नाटकाकडून, पण आजोळच्या माणसाने बाळाच्या पहिलीच्या मार्कांवर हक्क सांगावा तसे आम्ही त्याच्या प्रत्येक शतकावर सांगतो. दुसरा मार्ग नोकरीचा. सी. के. जन्माने नागपूरचे, पण होळकरांच्या सैन्यात होते, त्यामुळे पूर्ण आमचे. जन्माच्या नियमाने ते नागपूरला जातात हे कोणी दाखवून दिलं, तर त्या वेळेपुरता नोकरीचा नियम वरचढ धरायचा. द्रविडच्या वेळी परत जन्माचा.

तिसरा मार्ग खेळपट्टीचा, आणि इथे गाठ ग्वाल्हेरशी पडते. 24 फेब्रुवारी 2010 ला सचिनने पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक केलं ते ग्वाल्हेरात. तिथले मराठी लोक ही गोष्ट अशा सुरात सांगतात की जणू शेवटची धाव शिंद्यांच्या देवडीतून निघाली. पुढल्या वर्षी, 8 डिसेंबर 2011 ला, सेहवागने इंदुरात 219 केल्या. दोन्ही फलंदाज बाहेरगावचे, पण 219 वजा 200 बरोबर 19 ही वजाबाकी आमच्याकडे पोरांना पाढ्यांच्या आधी येते. खेळपट्टीवर हक्क सांगताना मात्र जपून. ती आपली म्हटली की 25 डिसेंबर 1997 सुद्धा आपला होतो. त्या दिवशी नेहरू स्टेडियमवर श्रीलंकेविरुद्धचा सामना चेंडू धोकादायक उसळतोय म्हणून तीन षटकांत गुंडाळला. मार्च 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी तिसऱ्या दिवशी संपली, खेळपट्टीला आधी 'निकृष्ट' शेरा मिळाला आणि अपिलानंतर तो 'सरासरीपेक्षा खालचा' झाला. ही बढती आम्ही मनातल्या मनात साजरी केली.

आयपीएल तर विचारूच नका. 2011 मध्ये कोचीचा संघ इथे दोन सामने 'घरचे' म्हणून खेळून गेला. 2017 आणि 2018 मध्ये पंजाबने काही सामने घरचे म्हणून इथे मांडले, आणि जिरावन खाल्लेल्या तोंडाने आम्ही "पंजाब, पंजाब" ओरडलो. 2025 चा मोसम सुरू झाला तोच कोलकाता विरुद्ध बंगळूर असा: एकीकडे व्यंकटेश अय्यर, दुसरीकडे कर्णधार रजत पाटीदार, दोघेही इंदूरचे. अशा वेळी घरात दोन तट पडू द्यायचे आणि जो जिंकेल त्याला "आपला" म्हणायचं. बंगळूरने जूनमध्ये पहिल्यांदा करंडक उचलला, तेव्हा आमच्या गल्लीत कन्नड येत नसलेल्या माणसांनी फटाके लावले. राज्याची स्वतःची लीग 2024 ला निघाली. त्यात आमचा संघ माळव्याच्या नावाने आला, पुढच्या वर्षी एकदाचं 'इंदौर' हे नाव मिळालं. दोन्ही वर्षी सामने ग्वाल्हेरात.

तेव्हा खरं घरचं क्रिकेट पाहायचं तर रणजीच, आणि ते पाहायची पद्धत आहे. साखळी सामना चार दिवसांचा, दिवसाला 90 षटकं, सुरुवात साडेनऊला. पहिल्या दिवशी जाऊ नये; कौल कोणी जिंकला हे फोनवरही कळतं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर जावं आणि तिसरा दिवस सोडू नये, कारण सगळं भांडण पहिल्या डावातल्या आघाडीचं असतं. सामना अनिर्णित राहिला तर आघाडीवाल्याला 3 गुण, दुसऱ्याला 1. निर्णायक विजयाला 6, आणि डावाने किंवा 10 गड्यांनी जिंकलात तर 7. म्हणून समोरचा संघ 9 बाद असताना आघाडीला सहा-सात धावा उरल्या की मैदानात जो ताण येतो, तो टीव्हीवरच्या शेवटच्या षटकाला येत नाही. चौथ्या दिवशी आघाडीचा निकाल लागलेला असेल तर ते दोन्ही संघ संध्याकाळपर्यंत एकमेकांना नमस्कार-चमत्कार करत बसतात. पाहुण्याला नेमकं त्याच दिवशी घेऊन जाल, तर तो विचारेल, "मॅच ड्रॉ झाली ना? मग तुम्ही नाचताय कशाला?" समजावायला वीस मिनिटं लागतात आणि शेवटी तो म्हणतो, "पण जिंकलं कोण?"

सकाळी ऊन पाठीवर येईल असं बसावं, समोरून आलं तर तासाभरात डोळे चुरचुरतात. बाराच्या पुढे छताखालची सावली शोधावी. जेवणाची सुट्टी 40 मिनिटांची. छप्पन दुकान ही खाऊगल्ली तिथून किलोमीटरभर, स्कूटर असेल तर एक खोबरा पॅटिस आणि परत येणं जमतं. शिकंजी घेऊ नये. बाहेरचे लोक तिला लिंबूपाणी समजून मागवतात; आमच्याकडची शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध आणि सुकामेवा. ती प्यायलेला माणूस दुपारच्या सत्रात एकही गडी बाद होताना पाहत नाही.

आणि ओरडताना भान ठेवावं. एकदिवसीय सामन्याला तीसेक हजारांत तुमचा आवाज बुडतो. रणजीला प्रेक्षक पंगतीत मोजावेत इतके. सीमारेषेवर उभ्या पोराला तुम्ही "अरे भिया, झोपून राहिला का?" म्हटलंत की तो मान वळवून बघतो, अगदी तुमच्याकडे. मग पुढचा अर्धा तास आपण वर्तमानपत्र वाचतो.

या सगळ्याची परीक्षा झाली जून 2022 मध्ये. बंगळूरला अंतिम सामना, समोर 41 वेळा जिंकलेली मुंबई. इंदूरच्या मराठी माणसाची मावशी दादरला आणि सासर ठाण्याला, त्यामुळे फोन सायलेंटवर. मुंबई 374, आपण 536. यश दुबे, शुभम शर्मा, रजत पाटीदार अशी तीन शतकं. शेवटी 108 हव्या होत्या, चार गडी गमावून झाल्या, आणि मध्य प्रदेशाने पहिल्यांदा रणजी जिंकली. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. 1998-99 साली याच मैदानावर मध्य प्रदेशाचा कर्णधार म्हणून ते कर्नाटकाकडून अंतिम सामना हरले होते. आम्ही डोळे पुसत होतो तेवढ्यात दादरहून निरोप आला: "अभिनंदन. पंडित आमचेच." म्हणजे मुंबई हरली तीही मुंबईकडूनच. आमचा जन्माचा नियम आमच्यावरच उलटवला, आणि त्यावर तोड नव्हती, कारण तो नियम सोडला तर द्रविड जातो.

देश जिंकला की मात्र कोणी कोणाचा हे विचारत नाही, राजवाड्यावर जातं. त्यातही शिस्त आहे. शेवटच्या चेंडूनंतर पंधरा मिनिटांत निघावं. गाडी कृष्णपुरा छत्र्यांच्या अलीकडेच लावून चालत जावं. पुढे नेलीत तर ती पहाटे सुटते. पायात चप्पल नको, बूट हवेत, कारण सात मजली वाड्यासमोर नाचताना गेलेली चप्पल एकटीच सापडते. मागे सराफ्यात सोनारांची दुकानं बंद होऊन खाण्याची लागलेली असतात. हिवाळा असेल तर गराडू (तळलेला कंद) खावा, नसेल तर भुट्ट्याचा कीस. दोनच्या आत घरी यावं.

कारण सकाळी कचऱ्याची गाडी येते. काल रात्री शहर कितीही बेभान झालेलं असो, ती वेळेवर दारात उभी राहते आणि ओला, सुका, प्लास्टिक असे सहा प्रकार वेगळे मागते. घसा बसलेला असतो. फटाक्याचं खोकं कोणत्या डब्यात हे खुणेनेच विचारावं लागतं. गाडीवरचा माणूस खोकं उलटं करतो, आत राहिलेला एक फुसका सुतळी बॉम्ब बाहेर काढून आपल्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, "भिया, हा घातक कचरा. वेगळा द्या."