मोजायचं काय, ते बायांना विचारा

शिबिराला किती जण आले यावर आरोग्य कार्यक्रमाचं यश ठरवू नका, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं शंभर टक्के पटलं. आमच्या सोलापुरात पूर्व भागात बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांमागे, मग सकाळी अकराच्या शिबिराला कोण उठणार? आमच्या गल्लीत क्षयरोगाची पत्रकं वाटली, तीही मराठीत. शेजारच्या आजींना वाचता येतं ते तेलुगू! पत्रक तंबाखूच्या डब्याखाली गेलं, अहवालात मात्र एक लाभार्थी वाढला.

महाराष्ट्रात २००७ पासून काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख झाली. गावकऱ्यांनीच आरोग्यसेवेचं प्रगतिपत्रक भरलं, जनसुनवाईत अधिकाऱ्यांना जाब विचारला. ते शहरातल्या वस्त्यांतही हवंच. दोन आठवडे किंवा जास्त खोकला राहिला की क्षयरोगासाठी थुंकी तपासायची, हे किती जणींना ठाऊक आहे, ते बचत गटातल्या बाईने तेलुगूत विचारावं.