शहर आपल्या भाषेचं करून घ्यायचंय? एकदम सोप्पंय!

एखादं शहर रातोरात आपल्या भाषेचं करून घ्यायचं असेल तर उगाच डोकं शिणवू नका, सरळ आल्प्समधल्या बोल्झानोची कॉपी मारा. जर्मनवाले त्याला बोत्सेन म्हणतात, लादिन ही तिथली छोटी भाषा बोलणारे बुल्सान. पहिल्या महायुद्धाआधी गाव ऑस्ट्रियाचं, मग तहात इटलीला मिळालं, झेंडा बदलला पण तोंडातली जर्मन काही बदलली नाही, आणि नव्या मालकाला नेमकं तेच खुपायला लागलं.

आधी शाळेला हात घाला. १९२३ पासून मुसोलिनीच्या सरकारने जर्मन शाळा बंद करायला घेतल्या. मग काय, एरवी दांडी मारायला निमित्त शोधणारी पोरं कुणाच्या तरी घरात चोरून जर्मन शिकायला लागली, आणि अशा शाळांचं नावच पडलं कॅटॅकॉम्ब शाळा, म्हणजे भुयारातल्या. शिक्षणाची गोडी लावायला बंदीसारखा उपाय नाही हो.

नावांचं टेन्शन घेऊ नका. एत्तोरे तोलोमेई नावाचे एक गृहस्थ होते, त्यांनी डोंगर, ओढे, वाड्यावस्त्या सगळ्यांची इटालियन नावं तयारच ठेवली होती, नसतील तिथे बनवली. शंभर वर्षं झाली तरी त्यावर भांडण चालूच आहे, म्हणजे टिकाऊ काम बघा!

मग कवी हलवा. मुख्य चौकात वाल्थर फॉन डेअर फोगेलवायडे हा मध्ययुगातला जर्मन कवी १८८९ पासून उभा होता (शेजारच्या ट्रेंटोने उत्तर म्हणून १८९६ ला इटालियन कवी दान्ते उभा केला, दोघे बिचारे कधीच वर गेलेले). १९३५ ला वाल्थरला उचलून एका बागेत नेऊन ठेवला. १९८१ ला परत चौकात आणला. टेम्पोचं भाडं मात्र आधीच धरून ठेवा.

कमान तर हवीच. १९२८ ची विजय कमान अजून उभी आहे आणि तिच्यावर लिहिलंय की इथूनच आम्ही इतरांना भाषा, कायदे आणि कला शिकवल्या. आणि हे लिहिलंय कशात, तर लॅटिनमध्ये! ना इटालियन, ना जर्मन. समोरच्या चौकाला २००१ मध्ये शांती चौक नाव दिलं, तर २००२ ला लोकांनी मतदान करून पुन्हा विजय चौक केलं, शांतीचं वर्षही पुरं भरलं नाही.

एवढं करूनही लोक ऐकत नसतील तर हिटलरशी बोलून घ्या. १९३९ ला लोकांना सांगितलं, जर्मनी निवडा नाहीतर इटालियन होऊन राहा. ८० टक्क्यांहून जास्त लोक जातो म्हणाले, प्रत्यक्षात गेले साधारण ७५ हजार, त्यातले बरेच युद्धानंतर परत आले. पुढे १९६१ ला इटलीतून फुटू पाहणाऱ्या जर्मनवाल्यांनी एका रात्रीत विजेचे ३७ टॉवर उडवले, आणि १९७२ ला या प्रांताला नवी स्वायत्तता मिळाली.

आता सरकारी नोकऱ्या भाषेच्या कोट्यात. आपण कुठल्या भाषेचे ते कागदावर लिहून द्यायचं, वर दोन्ही भाषांची परीक्षा.

गोची फक्त एकाची झालीय. १९९१ ला बर्फात सापडलेला ओत्झी, म्हणजे एका प्राचीन माणसाचं गोठून टिकलेलं शरीर, वय ५३०० वर्षं, सरहद्द मोजली तर ९२ मीटर इटलीत निघाला, म्हणून याच गावच्या म्युझियममध्ये उणे सहा डिग्रीत पडून असतो. त्याची भाषा कुठली हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे फॉर्म अजून कोराच आहे.