सोसायटीचं तण

काल सकाळी आमच्या सोसायटीच्या आवारात मी चोर ठरले. मुद्देमाल : पिशवीभर टाकळा.

आमच्या डोंबिवलीत जूनचे चार जोरदार पाऊस झाले की पाण्याच्या टाकीमागे टाकळा माजतो. लावत कुणी नाही, निगा राखत कुणी नाही. मी कोवळे शेंडे खुडत होते, तोच मागे छत्रीचं टोक आपटलं. दुसऱ्या मजल्यावरचे काका. नोकरीतून निवृत्त झालेत, साहेबकीतून नाही.

"काय चाललंय?"

"टाकळा खुडतेय, काका."

"कुणाला विचारून?"

"अहो, तण आहे ते."

"असेल. पण सोसायटीचं तण आहे."

मग त्यांनी चष्मा चढवला, पिशवीतलं एक पान चुरगाळून हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. टाकळ्याला उग्र वास असतोच. शिजला की जातो, पण तेवढा धीर कुणाला?

"विषारी निघालं तर जबाबदार कोण?"

"मरेन तर मीच ना!"

"तेच म्हणतोय. सोसायटीच्या आवारात."

पुढे म्हणाले, आज तुम्ही पाला नेलात, उद्या कुणी नारळ नेईल. आमच्याकडे नारळाचं झाडच नाही. तसं सांगितलं तर म्हणाले, "मुद्दा तो नाही. लेखी अर्ज द्या, सभेपुढे ठेवू." सभा महिनाअखेरीला. तोवर टाकळा निबर होणार, कडू होणार, हे कमिटीला कोण समजावणार?

टाकळा कोवळाच खायचा. रात्री पानं मिटून गाढ झोपणारी ही भाजी बारीक चिरायची, भरपूर कांदा-लसणावर परतायची, मे महिन्यात राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या घालायच्या, वर ओलं खोबरं. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं चालत नाही म्हणून हेच काका आपोआप उगवलेल्या भाज्या शोधत बाजारभर फिरतात आणि मागतील तो भाव देतात. तिथे अर्ज नाही.

दुपारी ग्रुपवर सूचना आली : 'सभासदांनी आवारातील वनस्पती परस्पर नेऊ नयेत.' खाली अंगठ्यांची रांग. त्यातला एक अंगठा माझ्या नवऱ्याचा!

आज माळी मशीन घेऊन आला. टाकळा गेला, कुर्डू गेला, केना गेला, भिंतीलगतची घोळ गेली. गेटजवळचं गाजर गवत तेवढं डौलात उभं आहे, कारण ते म्हणे हद्दीबाहेर. ज्याने अंगाला खाज सुटते ते शाबूत आणि ज्याची भाजी होते ते पोत्यात भरून कचऱ्याच्या गाडीत. मला नेऊ दिलं नाही, ठीक आहे. तुम्ही तरी खायचं होतंत! टाकीमागे आता पेव्हर ब्लॉक बसणार आहेत. त्याची वर्गणी मात्र माझ्याकडूनही घेणार.

काकांनी गॅलरीत प्लॅस्टिकची हिरवळ अंथरली आहे. दर रविवारी ते पाइप लावून ती धुतात. पाणी सोसायटीचं.