संकल्पभूमीचा वड विद्यापीठाच्या आवारात नाही

आपल्या दांडिया बाजारच्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: 'बाबासाहेब बडोदा विद्यापीठात शिकत असताना तिथल्या बॉटनिकल गार्डनमधल्या वडाखाली रडले, तीच संकल्पभूमी.' भावना चांगली, पण तपशील चुकलेत.

महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झालं 1949 मध्ये आणि वडाखालची घटना आहे सप्टेंबर 1917 ची. विद्यार्थी म्हणून बाबासाहेब इथे नव्हतेच. ते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे पदवीधर. पुढे 1913 साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे 1917 मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आले. संस्थानची नोकरी होती, पण राहायला कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तर लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. मुंबईची गाडी मिळेपर्यंत ते कमाटीबागेत (सयाजीबागेत) वडाखाली बसून होते आणि तिथेच त्यांनी अस्पृश्यता संपवण्याचा संकल्प केला.

म्हणजे संकल्पभूमी कमाटीबागेतली. ही बाग 1879 पासूनची आणि आज महानगरपालिकेकडे आहे. विद्यापीठाची वनस्पतिबाग वेगळी. दोन्ही जवळजवळ असल्यानं गोंधळ होतो, हे मान्य. आमच्याकडे आलेला पाहुणा रिक्षावाल्याला 'युनिव्हर्सिटी' सांगून बसला आणि मग बागेच्या फाटकाजवळच्या काळा घोडा चौकापर्यंत उन्हात चालत आला!

मेसेज पुढे पाठवलाच असेल, तर त्याच ग्रुपवर ही दुरुस्तीही टाका. संकल्पभूमीवर 23 सप्टेंबरला संकल्प दिनासाठी बाहेरगावाहूनही माणसं येतात, त्यांना चुकीचं फाटक दाखवू नका.