‘जोर लावा, मोठा माउथपीस घ्या’: ट्युबाच्या कोंदट खर्जावरचा फसवा सल्ला

ट्युबा या मोठ्या पितळी फुंकवाद्याचे खालचे स्वर कोंदट, अडकल्यासारखे येऊ लागले की एक सल्ला हमखास मिळतो: वाद्यात काही नसतं, तुमची फुंक कमी पडते, जोर लावा आणि मोठा माउथपीस (ओठ टेकवून फुंकायचा भाग) घ्या. यापायी चांगले वादक महिनोन्महिने स्वतःलाच दोष देत राहतात. म्हणून त्यातला एकेक दावा तपासू.

‘वाद्यात काही नसतं.’ हे न तपासता म्हणताच येत नाही. बी-फ्लॅट ट्युबाची नळी सरळ केली तर सुमारे साडेपाच मीटर भरते, आणि व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायच्या झडपा) दाबत गेलं की तिला आणखी वेटोळी जोडली जातात. प्रत्येक व्हॉल्व्ह म्हणजे हवा निसटायची आणखी एक जागा. आधी एकही व्हॉल्व्ह न दाबता खालचा बी-फ्लॅट वाजवा. तोही कोंदत असेल तर माउथपीसजवळच्या नळीतला पोचा, साचलेला मळ, नाहीतर पाणी काढायच्या चावीचं झिजलेलं बूच तपासा. तो मोकळा आहे, पण त्याखालचा एफ अडतो? मग तोच एफ एकदा पहिला-तिसरा व्हॉल्व्ह एकत्र दाबून आणि एकदा चौथ्याने वाजवा. पहिल्या-तिसऱ्याने तो थोडा चढा येणारच, तिकडे लक्ष देऊ नका. मोकळेपणात ठळक फरक पडला आणि चौथ्याने स्वर खुलला, तर संशय पहिल्यावर किंवा तिसऱ्यावर. फुंक तर दोन्ही वेळा तुमचीच होती!

मग त्या व्हॉल्व्हची स्लाइड (सरकती नळी), व्हॉल्व्ह न दाबता, थोडी बाहेर ओढा, काही क्षण थांबा आणि व्हॉल्व्ह दाबा. ‘फट्’ असा आवाज आला तर हवा धरून ठेवली जाते. नाही आला तर गळती आहे. (हवा जाण्यासाठी मुद्दाम भोक पाडलेल्या व्हॉल्व्हला ही चाचणी लागू नाही.) थोडं दाट तेल घातल्यावर खर्ज सुधारला, तरी निदान झिजेचंच.

गळती नसेल तर व्हॉल्व्हची आणि नळ्यांची छिद्रं जुळतात का ते पाहा. पिस्टन (वर-खाली सरकणारा व्हॉल्व्ह) दाबल्यावर किती खाली जातो हे बटणाखालचा नमदा ठरवतो. तो चेपला की पिस्टन जास्त खाली जातो आणि वाट अर्धवट झाकली जाते. रोटरीत (गोल फिरणाऱ्या व्हॉल्व्हात) मागचं झाकण काढलं की खुणा दिसतात. व्हॉल्व्ह दाबल्यावर आणि सोडल्यावर, दोन्ही वेळा त्या समोरासमोर यायला हव्यात.

‘जोर लावा.’ त्या एफला ओठ सेकंदाला साधारण ४४ वेळा कंप पावतात. तिथे हवा भरपूर आणि संथ हवी. जोर लावला की ओठ आवळतात, स्वर वर उडी मारतो. गळती असेल तर हवा फक्त जास्त वाया जाते.

‘मोठा माउथपीस घ्या.’ कपाचा आकार गळती बुजवत नाही. माउथपीसची दांडी मात्र पाहा: ती नळीत डुगडुगते किंवा पुरती आत जात नाही, तर माप चुकलंय.

सल्ल्यात तथ्य एवढंच की दात मिटलेले, घसा आवळलेला असेल तर कुठलाही ट्युबा कोंदेल. दोष वादकाचा की वाद्याचा हे कळण्यासाठी दुसऱ्या वादकाला तुमचा ट्युबा द्या आणि त्याचा तुम्ही वाजवा. कॉम्पेन्सेटिंग ट्युबात (स्वर नेमका लागावा म्हणून जादा नळ्या असलेल्या) चौथा व्हॉल्व्ह धरल्यावर हवा व्हॉल्व्हांतून दोनदा फिरते, त्यामुळे थोडा अडथळा रचनेतलाच असतो. त्याची तुलना तशाच ट्युबाशी करा.

दुरुस्तीला देताना ‘खर्ज कोंदतो’ एवढंच सांगू नका. कोणता स्वर कोणत्या बोटांनी अडतो आणि कोणत्या बोटांनी सुटतो, ते लिहून द्या.